हा पैसा कोणाचा?

आमच्या ओळखीच्या एका बाईंचा नवरा रात्री शेतात राखणीला गेला होता. चोरट्यांनी त्याला ठार मारले. पोलिसांनी शोध केला, पण कोणी सापडले नाही. घरात दोन लेकरे आणि म्हातारी सासू. कमावणारा तेवढा एकच होता.

आम्ही म्हणालो, "बाई, सरकारकडे भरपाई मागा."

त्या उसळून म्हणाल्या, "गुरुजी, मालकाच्या रक्ताचं पैसं खाऊ व्हय? लोक म्हणतील, हिनं पैसं घेतलं अन् केस मिटवली!"

पुष्कळांना असेच वाटते. पण हा पैसा मारणाऱ्याच्या खिशातून येत नाही. तो राज्य सरकारच्या निधीतून येतो. तो घेतल्याने केस मिटत नाही. उद्या चोर सापडले, तर त्यांच्यावर खटला चालतोच.

पूर्वी कोर्ट गुन्हेगाराकडून भरपाई देववीत असे. पण तो सापडलाच नाही तर? सापडला आणि कफल्लक निघाला तर? म्हणून २००९ साली नवे कलम लागू झाले. राज्यांनी यासाठी योजना करावी असे ठरले. महाराष्ट्राने ती २०१४ साली केली. २०२४ साली फौजदारी कायदे बदलले, तरी ही सोय राहिली आहे. बलात्कार किंवा ॲसिडचा हल्ला झालेल्या बायकांसाठी 'मनोधैर्य' ही योजना २०१३ पासून आहे. अशा बाईवर सरकारी असो वा खाजगी, कोणत्याही दवाखान्याने लगेच फुकट उपचार केले पाहिजेत.

नवरा मारझोड करीत असेल, तर वाट निराळी. तिथे २००५ च्या कायद्याप्रमाणे मॅजिस्ट्रेट नवऱ्याकडूनच भरपाई देववू शकतात.

गुन्हेगार सापडला नसेल, तर अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करायचा. बायकांना तिथे वकील फुकट मिळतो. १५१०० या नंबरावर फोन करूनही विचारता येते. अर्ज केला म्हणजे पैसे मिळालेच असे नाही. आधी चौकशी होते. ती दोन महिन्यांत पुरी करावी, असे कायदा सांगतो. (दोन महिन्यांचे चारही होतात. अर्जाची पोच जपून ठेवावी.)

बाई दोन दिवसांनी आमच्याकडे आल्या. आम्ही अर्ज लिहून दिला. त्यांनी तो हातात घेतला आणि बोट ठेवून एकेक ओळ वाचली. "केस मिटली असं कुठं लिव्हलं न्हाई न्हवं?" त्यांनी विचारले. तसे कुठेच नव्हते. मग त्यांनी सही केली.