सर्फोजी हे नाव आले कोठून?

प्रश्न : आमच्या घराण्याच्या जुन्या कागदपत्रांत एका पूर्वजाचे नाव ‘सर्फोजी’ असे आढळते. हे नाव मूळ कोठले, आणि ते आता का ऐकू येत नाही?

उत्तर : वेरूळच्या मालोजीराजे भोसल्यांना दीर्घकाळ अपत्य नव्हते, तेव्हा अहमदनगरच्या शाह शरीफ या पिरास नवस केल्यावर झालेल्या दोन पुत्रांची नावे त्यांनी त्या पिराच्याच नावावरून शहाजी आणि शरीफजी अशी ठेविली, असे परंपरा सांगते, आणि या शरीफजीचेच मराठी मुखात रुळलेले रूप म्हणजे आपला सर्फोजी होय. स्वतः शरीफजी 1624 मध्ये भातवडीच्या रणांगणावर पडले. परंतु शहाजीपुत्र व्यंकोजींनी तंजावरास गादी स्थापिल्यावर त्यांच्या एका मुलास हेच नाव मिळाले, आणि पुढे 1798 ते 1832 या काळात राज्यपदी असलेल्या दुसऱ्या सर्फोजींनी सरस्वती महालाच्या ग्रंथसंग्रहाने व बृहदीश्वराच्या भिंतींवर कोरविलेल्या विस्तीर्ण मराठी शिलालेखाने त्यास चिरस्थायी कीर्ती दिली. तमिळ प्रजेने तर त्याचे ‘शरभोजी’ केले, आणि पंडितांनी त्यावर संस्कृताचा साज चढवून ‘शरभेंद्र’ घडविला! एका मुसलमान सत्पुरुषाचे नाव हिंदू राजकुलात इतक्या निःसंकोच आदराने नांदले, ही गोष्ट मला अत्यंत मोलाची वाटते.

महाराष्ट्रात शहाजी हे नाव शिवछत्रपतींच्या पित्यामुळे अद्यापि गावोगाव ठेविले जाते. सर्फोजीस मात्र तसा आधार लाभला नाही, कारण त्याचा खरा उत्कर्ष दूर कावेरीकाठी झाला. आपल्या घरात नातू जन्मल्यास हे नाव अवश्य ठेवावे.