मातीचे लहान धरण व ओढ्याचा पूर
(वरच्या इयत्तांसाठी पाठाचे टिपण)

हेतू : पूर आवरणे म्हणजे पाणी कायमचे कोंडणे नव्हे, तर ते बेताने पुढे सोडणे होय, हे विद्यार्थ्यांस उमजावे.

विवेचन : धरण म्हटले की मुलांच्या डोळ्यांपुढे काठोकाठ भरलेला जलाशय उभा राहतो. पूरनियंत्रणाच्या धरणात मात्र पावसापूर्वी जितकी जागा मोकळी, तितका त्याचा उपयोग अधिक. अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात वॉशिटा नदीच्या खोऱ्यात उघड्या रानांवरून पाणी माती घेऊन धावे व सखल भागातील पिके बुडवी. १९४४ च्या पूरनियंत्रण कायद्यानंतर तेथे वरच्या अंगाच्या ओढ्यांवरच लहान धरणे बांधण्याचे ठरले. त्यांतील पहिले १९४८ साली कॉर्डेल गावाजवळ क्लाउड क्रीक या ओढ्यावर पुरे झाले. आज त्या राज्यात अशी दोन हजारांहून अधिक धरणे आहेत. त्यांच्याबरोबरच वरच्या शेतांत ताली घालणे, उतारास आडवी नांगरट करणे व गवत राखणे हेही योजिले होते. कारण वाहून येणारा गाळ धरणातील जागा भरून टाकतो.

रचना : भराव थराथराने घालून दाबतात. त्याच्या पोटातून एक नळ जातो. साठलेले पाणी त्यातून हळूहळू बाहेर पडते. पाणी फारच चढले, तर ते बाजूच्या सांडव्यावरून जाते. सांडवा नेहमी माथ्याहून खाली असतो. कारण माथ्यावरून पाणी वाहू लागले की माती कापली जाते व धरण फुटते.

प्रयोग : एका डब्याच्या तळाशी लहान भोक पाडावे. त्यात तांब्याभर पाणी एकदम ओतावे. पाणी क्षणात आत गेले, पण बाहेर पडण्यास किती वेळ लागला, हे मुलांनी मोजावे.

गणित : एका तासात ३६,००० घनमीटर पाणी आले आणि नळातून दर सेकंदास १ घनमीटर पाणी जात राहिले, तर सर्व पाणी जाण्यास किती तास लागतील? (उत्तर : १० तास)

सावधानता : मातीच्या धरणास देखरेख लागते. रत्नागिरी जिल्ह्यात चिपळूण तालुक्यातील तिवरे येथील मातीचे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटले व अनेकांचे प्राण गेले. ते धरण पुरासाठी बांधलेले नव्हते. तरी माती व पाणी यांचा नियम सर्वत्र एकच. भरावातून गढूळ पाझर येणे, माथा खचणे, भेग पडणे, घुशींची बिळे, सांडव्यात झाडोरा माजणे ही धोक्याची चिन्हे होत. पाझर गढूळ असेल, तर आतील माती वाहून जात आहे असे समजावे. असे काही दिसल्यास मुलांनी जवळ न जाता वडीलधाऱ्यांस सांगावे. शिक्षकांनी ग्रामपंचायतीस तत्काळ लेखी कळवावे आणि पाणी चढत असेल, तर खालच्या वस्तीस आधी सावध करावे.

प्रश्न : १. पूरनियंत्रणाच्या धरणात जागा मोकळी का ठेवतात? २. सांडवा बुजला तर काय होईल? ३. आपल्या गावच्या ओढ्याचे पाणी कोणकोणत्या शिवारांतून येते?