पाच मीटर पाण्यात सिलिंडर कशाला?

प्रश्न : इटलीत नेपल्सजवळ बाया नावाच्या गावी जेमतेम पाच मीटर पाण्याखाली रोमन लोकांची वस्ती आहे आणि तिथे स्कूबा करता येतं, असं वाचलं. दोन शंका आहेत. समुद्र एवढा चढला, तर बाकीचं नेपल्स कोरडं कसं राहिलं? आणि पाच मीटर म्हणजे आमच्या विहिरीएवढं पाणी. त्याला सिलिंडर नि ट्रेनिंग कशाला? दम धरून जाऊन येता येईल की!
— एक वाचक, कुडाळ

उत्तर : तुमच्या पहिल्या शंकेतच अर्धं उत्तर दडलेलं आहे. समुद्र फारसा चढलेला नाही, जमीन खाली गेली आहे. रोमन काळापासून आजवर या भागात समुद्राची पातळी वाढली ती फार तर मीटर-दीड मीटर. उरलेली सगळी करामत जमिनीची.

बाया, शेजारचं पोत्झुओली आणि आसपासची गावं काम्पी फ्लेग्रेई नावाच्या ज्वालामुखीच्या अवाढव्य खळग्यात वसलेली आहेत. खाली वायू आणि गरम पाण्याचा दाब वाढला, की वरची जमीन तव्यावरच्या भाकरीसारखी फुगते. दाब ओसरला की बसते. हे एरवी इतकं संथ चालतं, की पिढ्यान्‌पिढ्या कुणाच्या लक्षातही येऊ नये. शास्त्रज्ञ याला ब्रॅडिसिझम म्हणतात.

याचा उत्तम पुरावा पाण्यात नाही, पोत्झुओलीच्या भर गावात आहे. तिथे रोमन बाजारपेठेचे तीन संगमरवरी खांब उभे आहेत. खांबांचा खालचा भाग गुळगुळीत आहे आणि त्याच्या वर, जमिनीपासून सुमारे सात मीटर उंचीपर्यंत, बारीक भोकांचा पट्टा आहे. ही भोकं पाडली दगड पोखरणाऱ्या शिंपल्यांनी. इटलीत त्यांना ‘समुद्री खजूर’ म्हणतात, कारण आकार नि रंग अगदी तसाच. हे शिंपले खाऱ्या पाण्यातच जगतात. म्हणजे खांब कोरड्यावर उभारले गेले, मग जमिनीबरोबर समुद्रात गेले, तळाचा भाग गाळात गाडला गेल्यामुळे वाचला, वरचा पोखरला गेला आणि मग सगळं पुन्हा वर आलं. एवढं होऊनही खांब उभेच! चार्ल्स लायलने १८३० मध्ये भूगर्भशास्त्रावरचा आपला गाजलेला ग्रंथ काढला, तेव्हा मुखचित्र म्हणून याच खांबांचं चित्र छापलं.

बायाचं नशीब वेगळं. ते खाली गेलं ते गेलंच. जुना किनारा आजच्या किनाऱ्यापासून सुमारे ४०० मीटर आत, पाण्याखाली आहे. एकेकाळी रोमच्या बड्या लोकांची ही हवापालटाची जागा होती. गरम पाण्याचे झरे, समुद्राला लागून बंगले, आणि बदनामीही भरपूर. नीरोने आईला बुडवण्यासाठी मोडणारी नाव बनवून घेतली, तो डाव याच किनाऱ्यावरचा. सम्राट हेड्रियन १३८ मध्ये वारला तोही इथेच. २००२ पासून हा पट्टा संरक्षित सागरी उद्यान आहे आणि परवानाधारक वाटाड्याशिवाय तिथे डुबकी मारता येत नाही.

खाली दिसतं काय? पुन्ता एपिताफ्फियोपाशी सम्राट क्लॉडियसच्या काळचं एक जेवणघर आहे, साधारण पाच मीटरांवर. मधे पाणी खेळवलेलं, टोकाला अर्धगोल कोनाडा आणि त्यात ग्रीक पुराणकथेतला युलिसीस हातात पेला धरून, राक्षसाला दारू पाजायच्या बेतात. साथीदार बुधला घेऊन शेजारी. आज खाली उभ्या आहेत त्या प्रतिकृती. मूळ पुतळे बायाच्या किल्ल्यातल्या संग्रहालयात आहेत. दुसरीकडे वाटाड्या एका जागी थांबतो आणि तळहाताने हलकेच पाणी ढवळतो. वाळू उडते, तिच्याखालून काळ्या-पांढऱ्या दगडी तुकड्यांची नक्षीदार फरशी उघडी पडते. लोकांचं पाहून झालं, की तो ती पुन्हा वाळूने झाकतो, कारण उघड्या दगडावर शिंपले आणि स्पंज लगेच कामाला लागतात.

काही ठिकाणी तळातून गरम वायूचे बुडबुडे अखंड वर येत असतात आणि त्यांच्या आसपास रोमन काँक्रीटचे भलेमोठे ठोकळे उभे आहेत. इथल्या ज्वालामुखीच्या राखेत चुना मिसळला, की मिश्रण पाण्याखालीही घट्ट होतं, हे रोमनांना ठाऊक होतं. या राखेला पोझोलाना म्हणतात. आपल्याकडच्या सिमेंटच्या पोत्यावर ‘पीपीसी’ छापलेलं असतं, त्यातला मधला ‘पी’ हाच. आपल्याकडे ते काम बहुधा औष्णिक केंद्रातली राख करते.

आता दम धरण्याबद्दल. जाऊन या, जरूर जाता येईल. पण अर्ध्या मिनिटात युलिसीसला नमस्कार करून परतावं लागेल. सिलिंडर लागतो तो वेळेसाठी. बारा लिटरच्या भरल्या सिलिंडरमधली राखीव हवा सोडली, तर पाच मीटरांवर शांतपणे तासभर काढता येतो. तोच सिलिंडर तीस मीटरांवर वीसेक मिनिटांत संपतो, कारण दाब जितका जास्त तितकी प्रत्येक श्वासाला हवा जास्त.

पण उथळ म्हणजे बिनधोक, हा समज आधी काढून टाका. पाच मीटरांवर दाब पृष्ठभागाच्या दीडपट असतो. तिथे सिलिंडरमधून सहा लिटर हवा छातीत भरून, श्वास रोखून कुणी झटकन वर आला, तर ती हवा फुगून नऊ लिटर होऊ पाहते. छाती नऊ लिटरची नसते, फुप्फुस फाटतं. दम धरून गेलेल्याला हा धोका नाही, कारण त्याने हवा वरच भरलेली असते. खाली ती आकसते, वर येताना मूळ मापावर येते. मालवणचा इन्स्ट्रक्टर ‘श्वास चालू ठेवा’ म्हणून दहादा बजावतो तो याचसाठी. हवेचं आकारमान सर्वांत झपाट्याने बदलतं ते वरच्या दहा मीटरांतच.

तरंगणंही उथळातच अवघड. भूमध्य समुद्र अरबी समुद्रापेक्षा खारट, म्हणून शिशाची वजनं थोडी जास्त लागतात. शिवाय अर्ध्याहून जास्त हवा संपली, की सिलिंडर दोनेक किलोंनी हलका होतो आणि माणूस आपोआप वर जायला लागतो. त्यावर नवशिक्यांचा तोडगा म्हणजे आधीच भरमसाट शिसं बांधणं. मग ते तळाला गुडघे टेकतात, नेमके दोन हजार वर्षांच्या फरशीवर. माझ्या मते बायाला जाण्याआधी दुसरीकडे कुठेतरी नुसतं तरंगायला शिकून घ्यावं.

प्रश्न : तिथली जमीन हल्ली वर येते आहे म्हणतात. मग ही वस्ती पुन्हा कोरडी होईल का?

उत्तर : वर येते आहे खरी. १९८२ ते १९८४ मध्ये पोत्झुओलीची जमीन सुमारे १.८ मीटर उचलली गेली, घरांना तडे गेले आणि हजारो लोकांना गाव सोडावं लागलं. नंतर ती थोडी बसली. २००५ पासून पुन्हा मीटरभराहून जास्त वर आली आहे. बंदरातलं पाणी इतकं उतरलं, की काही होड्या गाळात टेकल्या. सगळ्यात जास्त उठाव पोत्झुओलीत आहे; बाया कडेला असल्याने तिथे तो बराच कमी. पाच मीटरांची भरपाई व्हायला अजून फार वाट पाहावी लागेल.

आणि तशी ती झाली, तर पुरातत्त्ववालेही खूश होतील असं वाटत नाही. १५३८ मध्ये इथला किनारा असाच झपाट्याने वर आला होता, समुद्र मागे हटला होता. त्यानंतर थोड्याच दिवसांत जमीन फाटून उद्रेक झाला आणि आठवडाभरात सव्वाशे मीटरांहून उंच टेकडी उभी राहिली. तिचं नाव मोन्ते नुओव्हो. बायाहून ती चालत जाण्याच्या अंतरावर आहे.