बाईकच्या इंजिनचा खडखडाट: आधी ऐका, मग पाना उचला



गावात टू-व्हीलर सर्व्हिसिंगचं काम सुरू करायचं म्हणणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: सर, हत्यारं कुठली घेऊ? कंप्रेसर किती एचपीचा, रॅम्प लागेल का, वॉशिंग पंप जुना चालेल का? माझं म्हणणं असं आहे, की हे सगळं नंतर. आधी आवाज ओळखायला शिका. कारण पंक्चर आणि ऑइल बदलायची कामं सोडली, तर गिऱ्हाईक तुमच्याकडं एकच वाक्य घेऊन येणार आहे: "दादा, इंजिन वाजतंय, जरा बघता का?" त्यानंतरच्या दहा-पंधरा मिनिटांत तुम्ही काय करता, यावर ते पुन्हा येणार की नाही हे ठरतं.

व्हिडिओत आवाज ऐकवलेच आहेत. इथं ते घरच्या घरी तपासायचे कसे आणि त्यातून धंदा कसा उभा राहतो, ते सविस्तर लिहितोय.

आपल्या जुन्नर-आंबेगावात बाईक ही हौसेची वस्तू नाही. कुणी पहाटे पाचला दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन अडकवून डेअरीवर निघतं, कुणी टोमॅटोचे क्रेट बांधून नारायणगावच्या मार्केटला जातं, कुणी घोडेगाव-डिंभे मार्गे भीमाशंकरच्या चढाला लागतं. गाडी एक दिवस बंद म्हणजे त्या दिवसाचं दूध घरी. आणि रस्त्यात बंद पडली तर नुसता पैशाचा प्रश्न राहत नाही. जुन्नर वनविभागात उसाच्या फडात बिबट्यांचा वावर आहे, हे इथल्या लहान पोरालाही माहीत आहे. माणिकडोहचं बिबट निवारा केंद्र त्यासाठीच आहे. अंधारात, दोन्ही बाजूंना ऊस आणि मधे बंद पडलेली गाडी, ही वेळ आपल्या गिऱ्हाइकावर येऊ नये, एवढं ज्याला कळतं तो हे काम नीट शिकतो.

आता मुद्द्यावर. "इंजिन वाजतंय" म्हणून आलेल्या गाड्यांपैकी बऱ्याच गाड्यांचं इंजिन वाजतच नसतं. वाजत असतं बाहेरचं काहीतरी. सायलेन्सरवरचं पत्र्याचं संरक्षक कव्हर, त्याचा क्लॅम्प, चेनकव्हर, लेगगार्ड, नंबरप्लेट, दुधाच्या कॅनसाठी वेल्डिंग करून घेतलेला स्टँड. उसाच्या हंगामात ट्रॉल्यांनी रस्ते उखडले, की खड्ड्यात आपटून आपटून नटबोल्ट सैल होतात. म्हणून पहिलं काम, गाडीवरचं ओझं, कॅन, क्रेट, पिशव्या सगळं उतरवा. गाडी सपाट जागेत डबल स्टँडवर लावा. इंजिन गार असताना एकेक भाग हातानं हलवून बघा. मग गाडी चालू करून, ज्याच्यावर संशय आहे तो भाग लाकडी दांडक्यानं दाबून धरा. आवाज थांबला तर दुखणं सापडलं. सायलेन्सरला चुकूनही हात लावू नका. इंजिनचे फाउंडेशन बोल्ट, म्हणजे इंजिन चासीला धरून ठेवणारे बोल्ट, तेही इथंच तपासा. त्यातला एक जरी सैल असला तरी अख्खी गाडी थरथरते आणि माणसाला वाटतं इंजिनच गेलं.

मागची चेन सैल असेल तर तीही कव्हरला आपटून खडखडते. चेन किती सैल हवी ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं, पुष्कळ गाड्यांवर स्टिकरही असतं. पण एक गोष्ट ठळक सांगतो: गाडी स्टँडवर, गिअरमध्ये, चाक फिरतंय आणि कपड्यानं चेन पुसतोय, असं कधीही करायचं नाही. या एका सवयीनं बोटं जातात. चाक हातानं फिरवा, इंजिन बंद ठेवून. आणि इंजिन चालू ठेवायचं असेल तर उघड्यावर. बंद खोलीत किंवा गोठ्यात नाही. धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासावरून कळत नाही आणि जीव घेतो.

बाहेरचं सगळं घट्ट आहे, तरी आवाज आहे. मग दुसरं काम ऑइल बघायचं. पाना अजून उचलायचा नाही. गाडी दोन-चार मिनिटं चालवून बंद करा, थोडा वेळ थांबा, ऑइल खाली उतरू द्या. मग कांडी काढून पुसून परत बुडवा. कांडीचे आटे फिरवायचे की नुसती टेकवायची, हे गाडीगणिक वेगळं असतं. स्प्लेंडरसारख्या गाडीत नुसती टेकवून बघतात. आटे फिरवले तर ऑइल आहे त्यापेक्षा जास्त दिसतं. काही गाड्यांना कांडीच नसते, काचेची खिडकी असते. गाडी तिरकी असेल तर दोन्ही खोटं सांगतात.

या छोट्या इंजिनात ऑइल मावतं साधारण एक लिटर, काहींत त्याहूनही कमी. त्यातलं पाव लिटर जळालं तरी फार मोठा हिस्सा गेला. ऑइल कमी झालं की वरच्या हेडपर्यंत पुरेसं पोचत नाही, टॅपेट वाजायला लागतात. काही इंजिनांत टायमिंग चेनच्या टेन्शनरला तेलाचाच आधार असतो, तोही सैल पडतो. योग्य ग्रेडचं ऑइल टाकून आवाज गेला तर उत्तम, पण गिऱ्हाइकाला विचारा: ऑइल गेलं कुठं? खाली गळतंय, की सायलेन्सरमधून निळा धूर येतोय? निळा धूर असेल तर ते पुढच्या मोठ्या कामाचं लक्षण आहे, आणि ते आजच तोंडावर सांगितलेलं बरं.

ऑइल ठीक आहे, आवाज आतूनच येतोय. आता कान लावायचा. डॉक्टरचा स्टेथोस्कोप नको, लांब स्क्रू ड्रायव्हर पुरतो. टोक इंजिनवर टेकवा, मूठ कानाच्या मागच्या हाडाला लावा. हेडवर, ब्लॉकवर, डाव्या कव्हरवर, उजव्या कव्हरवर, जागा बदलत जा. जिथं आवाज स्पष्ट होतो, दुखणं त्याच्या जवळ असतं. गळ्यात उपरणं, ओढणी, सैल बाही असेल तर आधी काढून ठेवा.

हेडवरून बारीक, एकसारखी टिकटिक येत असेल, रेस दिली की तीही जलद होत असेल, तर टॅपेट. डाव्या किंवा उजव्या बाजूनं खर्रर्र असा, साखळी ओढल्यासारखा आवाज, विशेषतः किक मारल्यावर पहिल्या काही सेकंदांत किंवा रेस सोडताना, तर टायमिंग चेन आणि टेन्शनर. कुठल्या बाजूला ते गाडीवर अवलंबून. स्प्लेंडरला ती डावीकडं असते. आता न्यूट्रलमध्ये क्लच दाबा. दाबल्यावर आवाज थांबला किंवा बदलला, तर क्लचच्या बाजूला बघायचं. फक्त गार इंजिनात वाजतंय आणि गरम झालं की मिटतंय, तर बहुधा पिस्टन आणि ब्लॉकमधली झीज. अशी गाडी आणखी बरीच चालू शकते, फक्त पहिले दोन-तीन मिनिटं रेस पिळायची नाही.

आणि एक आवाज असा आहे, की तो ऐकल्यावर गाडी तिथंच बंद करायची. खालून, क्रँककेसमधून येणारा जड ठक-ठक, जो लोडवर वाढतो. तो कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा असू शकतो. हे घरचं काम नाही. क्रँक बाहेर काढावा लागतो, प्रेसवर बसवून नीट लाइनमध्ये आणावा लागतो. "एवढं दूध पोचवून येतो, मग टाकतो गाडी" म्हणणाऱ्या मामांना हात जोडून थांबवा. रॉड तुटला तर क्रँककेसच फुटते.

चढावरचा आवाज वेगळा. माळशेज किंवा भीमाशंकरच्या चढाला टॉप गिअरमध्ये रेस पिळली, की कड-कड-कड असा बारीक आवाज येतो आणि गाडी ओढत नाही. हे नॉकिंग. पेट्रोल-हवेचं मिश्रण वेळेआधी, वेडंवाकडं पेटतं. निम्म्या वेळा औषध फुकट असतं: एक गिअर खाली टाका. तरीही राहिलं तर इंजिन फार तापतंय का, आत कार्बन साठलाय का, स्पार्क प्लग योग्य नंबरचा आहे का, हे बघा. हल्ली प्रत्येक आवाजाचं खापर इथेनॉलवर फुटतं. आपल्याकडं विघ्नहर आणि भीमाशंकर असे दोन साखर कारखाने, त्यामुळं टपरीवर हा विषय निघतोच. इथेनॉलचा ऑक्टेन साध्या पेट्रोलपेक्षा जास्त असतो, म्हणजे नॉकिंगला त्यानं उलट आळाच बसतो. जुन्या गाडीच्या रबरी नळ्या आणि मायलेज हा वेगळा विषय आहे, त्यावर बोलता येईल. पण टॅपेट वाजतंय आणि दोष पेट्रोलला, असं करू नका.

घरी शिकण्यासारखं सगळ्यात मोलाचं काम म्हणजे टॅपेट सेटिंग, म्हणून त्यावर जरा जास्त लिहितो. इंजिन पूर्ण गार हवं, रात्रभर उभं राहिलेलं असेल तर सर्वात चांगलं. स्पार्क प्लग काढून ठेवा, म्हणजे इंजिन हातानं सहज फिरतं. डाव्या कव्हरवरच्या दोन टोप्या काढा, हेडवरच्या दोन टॅपेट टोप्या काढा. मॅग्नेटचा नट पान्यानं फिरवत 'टी'ची खूण खिडकीतल्या खाचेसमोर आणा. इथं नवीन पोरं हमखास फसतात. 'टी'ची खूण दोन वेळा समोर येते, एकदा कॉम्प्रेशनला आणि एकदा एक्झॉस्ट संपताना. दोन्ही रॉकर बोटानं किंचित हलत असतील तरच बरोबर. एखादा घट्ट असेल तर आणखी एक पूर्ण फेरा द्या.

मग फिलर गेज. गॅप किती, ते त्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये बघा, कुणाच्या तोंडी आकड्यावर जाऊ नका. हे मिलिमीटरच्या शंभराव्या भागातले आकडे आहेत. पाती हलकी अडकत सरकली पाहिजे. लॉकनट आवळताना स्क्रू फिरतो आणि गॅप बदलतो, म्हणून आवळल्यावर पुन्हा मोजा. टोप्यांखालच्या ओ-रिंग कडक झाल्या असतील तर बदला, नाहीतर दुसऱ्या दिवशी ऑइल गळतंय म्हणून फोन येणार.

काही गॅरेजवाले फिलर गेज न वापरता, अंदाजानं, आवाज बंद होईपर्यंत टॅपेट आवळतात. गिऱ्हाईक खूश होऊन जातं. पण गॅप उरलाच नाही तर गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन निसटतं, गरम गाडी लवकर स्टार्ट होत नाही आणि पुढं एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो. थोडी टिकटिक करणारा टॅपेट परवडतो, मुका टॅपेट महागात जातो. हे गिऱ्हाइकाला सांगायची हिंमत ठेवा: "काका, थोडा आवाज राहील, तो राहायलाच पाहिजे." आणि गाडी बंद केल्यावर सायलेन्सर गार होताना जे टक-टक वाजतं, तो दोष नाही, हेही सांगा. पुष्कळांना त्याची उगाच काळजी असते.

आता धंद्याचं बोलू. आवाज ऐकून लगेच "हाफ इंजिन करावं लागेल" म्हणणं सोपं असतं. बिल मोठं होतं. पण डेअरीवर रांगेत पंचवीस गाड्या उभ्या असतात आणि तिथं कोणाकडं गाडी टाकली, किती गेले, यावरच गप्पा चालतात. पत्र्याचा क्लॅम्प आवळून आवाज घालवणाऱ्याचं नाव तिथं घेतलं जातं. अर्थात फुकट करू नका. तपासणीचा दर ठरवा आणि बोर्डावर लिहा. समजा शंभर रुपये. काम तुमच्याकडंच केलं तर ते बिलातून वजा. काम नाही केलं तरी तुमच्या कानाची आणि वेळेची किंमत मिळाली.

एक साधी वही ठेवा. गाडीचं मॉडेल, किलोमीटर, ऑइल शेवटचं कधी बदललं, आवाज गार असताना की गरम, क्लच दाबल्यावर काय होतं, चढावर काय होतं. काम करण्याआधी आणि नंतर मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून दोन्ही गिऱ्हाइकाला ऐकवा. बदललेला जुना पार्ट त्याच्या हातात द्या. क्रँक, ब्लॉक-पिस्टनची कामं सुरुवातीला घेऊच नका. मंचर, नारायणगाव, आळेफाट्याकडं एखाद्या चांगल्या गॅरेजवाल्याशी बोलून ठेवा आणि अशी गाडी तिकडं पाठवा.

या कामाला लागतं काय? रिंग पाने, टी-पाने, प्लग पाना, लांब स्क्रू ड्रायव्हर, फिलर गेज, ऑइल काढायचा ट्रे. जुनं ऑइल कॅनमध्ये साठवून अधिकृत भंगार ऑइलवाल्याला द्या, ओढ्यात सोडू नका, शेजारच्याची विहीर खाली असते. भांडवल लागलंच तर मुद्रा योजनेच्या शिशु गटात ५०,००० रुपयांपर्यंत कर्जाची सोय आहे; बँकेत अर्ज करताना हत्यारांचं कोटेशन सोबत न्या. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत आहे, त्यासाठी कुणालाही पैसे देऊ नका.

पुढच्या भागात टेन्शनर आणि टायमिंग चेन घेऊ. तुमच्या गाडीचा आवाज विचारायचा असेल तर कमेंटमध्ये मॉडेल, किलोमीटर आणि क्लच दाबल्यावर काय फरक पडतो, एवढं नक्की लिहा. नुसतं "वाजतंय" लिहिलंत तर मलाही सांगता येणार नाही.