कर्ज कशाचं, ते आधी बघ

चि. भाचीस,


कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजात स्टुडिओ आर्ट्सची दोन वर्षांची पदवी करायचं तू ठरवलंस आणि घरात दोन तट पडले. एक म्हणतो, चित्रकलेत पैसा नाही. दुसरा म्हणतो, पोरीला आवडतंय ना, मग लोन काढू. मला दोन्ही बाजू अर्ध्याच पटतात. मिळकत कमी असेल हे खरं, पण म्हणून शिकू नये असं ठरत नाही. ठरतं ते एवढंच, की या दोन वर्षांसाठी कर्ज काढू नये. आणि सुदैवाने तिथे ते काढायची गरजही फारशी पडत नाही.

आधी मिळकतीचं बघू. अमेरिकेच्या शिक्षण खात्याचं कॉलेज स्कोअरकार्ड कॉलेज आणि विषय निवडला की तिथल्या मधल्या पदवीधराची कमाई दाखवतं. दोन वर्षांच्या पदव्यांत नर्सिंग वरच्या टोकाला असतं आणि ललित कला तळाशी. तू म्हणशील, कलाकार फ्रीलान्स कमावतात, ते यात कुठे येतं? येतं. हे आकडे कराच्या नोंदींवरून काढतात आणि स्वतंत्र व्यवसायाचं जाहीर केलेलं उत्पन्नही त्यात असतं. उणीव दुसरीकडे आहे : सरकारी मदत घेतलेलेच विद्यार्थी मोजले जातात आणि अजून शिकत असलेले गाळले जातात. म्हणून आकडा ढोबळच समज. पण त्यामागचं कारण ढोबळ नाही. तिथल्या सरकारी शाळेत चित्रकला शिकवायची तर चार वर्षांची पदवी आणि वर शिक्षकाचा परवाना लागतो. कम्युनिटी कॉलेजात शिकवायला साधारणपणे मास्टर्स. दोन वर्षांच्या पदवीवर फ्रेमिंगचं दुकान, संग्रहालयात चित्रं हलवण्या-टांगण्याचं काम, शाळा सुटल्यावरचे मुलांचे वर्ग अशी कामं मिळतात, आणि त्यातली बरीचशी पदवीवाचूनही मिळतात. पगार वाढावा म्हणून कुणी ही पदवी घेत असेल तर त्याचा हिशेब चुकलाय. भट्टी, छापयंत्र, समोर बसलेलं मॉडेल आणि चूक दाखवणारा शिक्षक यांसाठी घेत असेल, तर इतक्या कमी पैशांत हे दुसरीकडे मिळणं कठीण.

कमी म्हणजे किती? राज्यातल्या रहिवाशाला एका युनिटचे 46 डॉलर. पदवीला 60 युनिट्स, म्हणजे दोन वर्षांची फी 2,760 डॉलर. पहिल्यांदाच आणि पूर्णवेळ शिकणाऱ्यांना बरीच कॉलेजं तीही माफ करतात. उलट केंद्र सरकार तुझ्यासारख्या, आईवडिलांवर अवलंबून असलेल्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षी 5,500 आणि दुसऱ्या वर्षी 6,500, असे 12,000 डॉलरपर्यंत कर्ज देऊ करतं. फीच्या चौपटीहून जास्त! मग उरलेला पैसा कुठे जातो? खोलीचं भाडं, गाडी, लॅपटॉप, बाहेरचं खाणं. त्याला शैक्षणिक कर्ज म्हणायचं ते केवळ फॉर्मवर तसं छापलंय म्हणून. शिवाय घरचं उत्पन्न पाहता तुला बिनव्याजी सवलत मिळायची नाही. पैसा हाती पडल्या दिवसापासून व्याज चढू लागेल. घरी राहून शिकलीस तर यातलं बहुतेक टळतं. अठराव्या वर्षी घरीच राहायचं हे तुला कंटाळवाणं वाटेल, आणि ते आहेच.

यावर तुझे बाबा म्हणतील, बारा हजार म्हणजे काय, सहा-साडेसहा टक्क्यांनी दहा वर्षं महिना 135 डॉलर. इंजिनियरच्या पगारातून बघितलं तर काहीच नाही. पण हप्ता भरायचाय तासावर काम करणाऱ्या मुलीने, जिला दोन महिने काम मिळेल आणि तिसऱ्या महिन्यात मिळणार नाही. तिकडे कर्ज थकवणाऱ्यांत मोठी कर्जं घेतलेले डॉक्टर-वकील थोडे. लहान कर्जं घेऊन शिक्षण अर्धवट सोडलेले पुष्कळ. आणि हे कर्ज दिवाळखोरीतही सहसा सुटत नाही. त्यात 2025 च्या नव्या कायद्याने आणखी एक कसोटी आणली : एखाद्या अभ्यासक्रमाच्या पदवीधरांची मधली कमाई त्या राज्यातल्या नुसत्या हायस्कूल झालेल्या तरुण कामगारांपेक्षा तीनपैकी दोन वर्षं कमी भरली, तर त्या अभ्यासक्रमाला केंद्रीय कर्ज मिळणं बंद. याची झळ कलेच्या पदव्यांना सगळ्यांत आधी लागेल असं मला वाटतं. हा नियम कलेचं मोल पगारावर ठरवतो म्हणून मला आवडत नाही. पण ज्याने कर्जच काढलं नाही, त्याचं शिक्षण या कसोटीपायी थांबत नाही.

खरा धोका तिसऱ्या वर्षी आहे. दोन वर्षं स्वस्तात झाली की हात सैल सुटतो आणि नामांकित खाजगी आर्ट स्कूलचं पत्र खुणावू लागतं. तिथे नुसती फी वर्षाला पन्नास हजार डॉलरच्या पुढे. तुला कोणत्या वर्षात घ्यायचं ते तुझा पोर्टफोलिओ पाहून ठरवतात, तेव्हा उरलेली दोन वर्षं सहज तीन होतात. तुझ्या स्वतःच्या नावावरचं केंद्रीय कर्ज 31,000 ला थांबतं; पुढचं ओझं आईबाबांच्या किंवा खाजगी बँकेच्या कर्जाचं. याउलट सरकारी कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीची 2025-26 ची मूळ फी वर्षाला 6,450 डॉलर होती, कॅम्पसचं शुल्क वेगळं. मोठ्या शाळेत ओळखी होतात, स्टुडिओंचे लोक तिथे माणसं शोधायला येतात, हे मला मान्य आहे. ॲनिमेशनसारख्या क्षेत्रात त्याचं वजनही आहे. पण शुद्ध चित्रकलेत त्या ओळखींची किंमत लाखभर डॉलर आहे, असं दाखवणारा पुरावा माझ्या पाहण्यात नाही.

म्हणून पहिल्या सत्रात विषय निवडण्याआधीच कॉलेजच्या ट्रान्सफर समुपदेशकाला भेट. स्टुडिओ आर्ट्सची ट्रान्सफरची वेगळी पदवी असते, साधी नको, ती घे. कोणता वर्ग कोणत्या सरकारी विद्यापीठात धरला जातो हे असिस्ट या राज्याच्या अधिकृत संकेतस्थळावर दिसतं. तुझी यादी त्याच्याशी ताडून बघ आणि मग मला पाठव.

तुझा,
मामा