न जुळणारे रक्त

धायरीच्या एखाद्या शाळेच्या मैदानावर धावताना मुलाचा पाय घसरतो, गुडघा खरचटतो आणि क्षणार्धात तेथे रक्ताचा तांबडा थेंब डोकावू लागतो. थोड्याच वेळात तो थेंब थिजतो, काही दिवसांत जखमेवर खपली धरते आणि ती खपली गळून पडली म्हणजे त्या जखमेची आठवणही उरत नाही. एवढासा तो थेंब. परंतु त्याच्या पोटात काय काय दडलेले आहे, याचा शोध घेण्यात माणसाची तीन शतकांहून अधिक वर्षे खर्ची पडली आहेत. त्या शोधाच्या इतिहासात एक मोलाचे पान मुंबईतील डॉक्टरांनी लिहिले आहे. ते पान समजून घ्यावयाचे, तर प्रथम रक्ताची ओळख करून घेतली पाहिजे.

घर जसे विटांचे, तसे शरीर पेशींचे बनलेले असते. १६६५ साली रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शक यंत्राखाली पाहिला, तेव्हा त्याला मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या बारीक बारीक कोठड्या दिसल्या. पेशींचे ते पहिले दर्शन होय. सर्वसाधारण पेशीभोवती पातळ पेशीपटल असते, आत दाटसर पेशीद्रव्य असते आणि पेशीच्या सर्व व्यवहारांवर नियंत्रण ठेवणारे केंद्रक असते. वीट मात्र निर्जीव असते. पेशी सजीव असते. ती अन्न घेते, काम करते आणि आयुष्य संपले म्हणजे नाहीशी होते.

हाडांतील किंवा स्नायूंतील पेशी आपापल्या जागी स्थिर असतात. रक्तातील पेशी मात्र अखंड प्रवासात असतात. धायरीपासून जवळच असलेल्या खडकवासला धरणाचे पाणी पुण्यातील घराघरांत पोहोचते. पण वापरलेले पाणी आल्या वाटेने पुन्हा धरणात जात नाही. रक्ताची रीत निराळी आहे. हृदयातून निघालेले रक्त धमन्यांतून सर्व शरीरभर जाते, केसाहूनही बारीक अशा केशवाहिन्यांतून पेशीपेशीला प्राणवायू व अन्न पोहोचवते आणि शिरांच्या वाटेने पुन्हा हृदयाकडे येते. रक्ताचे हे चक्राकार भ्रमण विल्यम हार्वे या इंग्रज वैद्याने १६२८ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात सिद्ध करून दाखविले.

रक्त गोठणार नाही अशी व्यवस्था करून ते काचेच्या नळीत उभे ठेवले, तर काही वेळाने त्याचे थर पडलेले दिसतात. वरच्या बाजूस फिकट पिवळसर रक्तद्रव जमतो. एकंदर रक्ताचा निम्म्याहून थोडा अधिक भाग त्याचाच असतो आणि त्यात बहुतांश पाणीच असते. तळाशी तांबड्या पेशींचा दाट थर बसतो. या दोहोंच्या मध्ये एक अगदी पातळ पांढुरका थर असतो. तो पांढऱ्या पेशींचा व रक्तपट्टिकांचा होय.

तांबड्या पेशी दोन्ही बाजूंनी मध्यभागी चेपलेल्या चकतीसारख्या असतात. एका घन मिलिमीटर रक्तात त्यांची संख्या सुमारे ४५ ते ५० लाख असते. यावरून त्या किती सूक्ष्म असतील, याची कल्पना करता येईल. त्यांच्यात हिमोग्लोबिन नावाचे लोहयुक्त द्रव्य असते. फुप्फुसांत आलेला प्राणवायू ते उचलून घेते आणि सर्व शरीरास पोहोचविते. रक्ताला तांबडा रंग येतो तोही त्याच्यामुळेच. पूर्ण वाढ झालेल्या तांबड्या पेशीत केंद्रक नसते. जणू अधिक भार वाहता यावा म्हणून तिने आपले घर रिकामे करून दिलेले असते. तिचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे. झिजलेल्या पेशी मुख्यतः प्लीहेत व यकृतात मोडीत निघतात आणि त्यांच्यातील लोह नव्या पेशींसाठी पुन्हा उपयोगात येते. नव्या पेशी हाडांच्या आतील मज्जेत तयार होतात. प्रौढ माणसाच्या शरीरात दर सेकंदाला वीस लाखांहून अधिक तांबड्या पेशी जन्म घेत असतात.

पांढऱ्या पेशी संख्येने फार थोड्या; एका घन मिलिमीटर रक्तात सुमारे चार ते अकरा हजार. परंतु शरीराच्या संरक्षणाचा भार त्यांच्यावर असतो. त्यांतील काही पेशी रोगजंतूंना गिळून टाकतात, तर काही पेशी जंतूंचा प्रतिकार करणारी प्रतिद्रव्ये निर्माण करतात. रक्तपट्टिका तर याहूनही लहान असतात. रक्तवाहिनी फुटली की त्या तेथे धाव घेतात, एकमेकींना चिकटतात आणि रक्तद्रवातील घटकांच्या साहाय्याने रक्ताची गुठळी करून गळती थांबवितात. खरचटलेल्या गुडघ्यावरील रक्त थिजते, ते याच कारणाने.

परंतु मोठा अपघात झाला तर रक्तपट्टिकांचा हा बांध अपुरा पडतो. प्रौढ माणसाच्या शरीरात साधारणपणे पाच लिटर रक्त असते. त्यातील बराच भाग थोड्या वेळात वाहून गेला, तर प्राणावर बेतते. अशा वेळी दुसऱ्या माणसाचे रक्त देणे हाच उपाय उरतो. हा उपाय माणसाला पूर्वीच सुचला होता. पण त्याचे फळ कधी जीवदान, तर कधी मृत्यू असे मिळे. असे का व्हावे, हे कोणालाच उमगत नव्हते.

१९०१ साली व्हिएन्ना येथील कार्ल लँडस्टायनर या शास्त्रज्ञाने या कोड्याचा उलगडा केला. त्याने निरनिराळ्या माणसांच्या तांबड्या पेशी व रक्तातील पिवळसर द्रव वेगळे केले आणि एकाच्या पेशी दुसऱ्याच्या द्रवात मिसळून पाहिल्या. काही मिश्रणे जशीच्या तशी राहिली. काहींत मात्र पेशी एकमेकींना चिकटून त्यांचे पुंजके झाले. या निरीक्षणातून रक्तगट उजेडात आले. तांबड्या पेशींवर ए ही खूण असेल तर रक्तगट ए, बी असेल तर बी, दोन्ही असतील तर एबी आणि दोन्ही नसतील तर ओ. जी खूण आपल्या पेशींवर नसते, तिच्याविरुद्ध प्रतिद्रव्ये आपल्या रक्तद्रवात असतात. म्हणूनच परक्या खुणेचे रक्त शरीरात गेले तर त्यातील पेशींचा नाश होतो आणि जीव धोक्यात येतो. या शोधाबद्दल लँडस्टायनर यास १९३० साली नोबेल पारितोषिक मिळाले. ओ गटाच्या पेशींवर ए व बी यांपैकी एकही खूण नसल्यामुळे ते रक्त कोणालाही चालेल, असे समजले जाऊ लागले आणि त्या गटाच्या माणसाला ‘सर्वयोग्य दाता’ हे नाव मिळाले. पुढे १९४० साली लँडस्टायनर व वीनर यांनी आऱ्एच नावाची आणखी एक खूण शोधून काढली.

रक्ताचे कोडे आता सुटले, असे कोणालाही वाटले असते. तथापि मुंबईच्या परळ भागातील केईएम रुग्णालयात डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांसमोर या नियमांत न बसणारे रक्त आले. त्या रक्ताच्या तांबड्या पेशींवर ए ही खूण नव्हती, बी ही खूणही नव्हती. नियमाप्रमाणे ते ओ गटाचे ठरावयास हवे होते. परंतु त्याच रक्तातील द्रव ओ गटाच्या पेशींत मिसळला, तेव्हा त्या पेशींचेही पुंजके झाले! जे रक्त कोणालाही चालते असे मानले जाई, तेच या रक्ताशी जुळत नव्हते.

असे काही दिसले म्हणजे ‘तपासणीत काही तरी चूक झाली असेल’ असे म्हणून नळी धुऊन ठेवणे सोपे असते. भेंडे, देशपांडे व भाटिया या डॉक्टरांनी तसे केले नाही. न जुळणाऱ्या त्या रक्ताचा त्यांनी चिकाटीने पाठपुरावा केला. लंडनमधील रेस, सँगर, मॉर्गन व वॉटकिन्स या संशोधकांचाही या कार्यात सहभाग होता. १९५२ साली ‘लॅन्सेट’ या प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात या सर्वांच्या नावाने निबंध प्रसिद्ध झाला आणि जगाला एका नव्या रक्तगटाची ओळख झाली. ज्या नगरीत तो सापडला, तिचेच नाव त्याला मिळाले. आजही जगभर तो ‘बॉम्बे रक्तगट’ या नावाने ओळखला जातो.

या रक्ताचे रहस्य एका साध्या उदाहरणाने समजेल. घराच्या भिंतीवर खुंटी असते. तिच्यावर कोणी टोपी अडकवतो, कोणी पिशवी अडकवतो, कोणी दोन्ही अडकवतो. कोणाच्या घरी खुंटी नुसतीच रिकामी असते. तांबड्या पेशीच्या पटलावरही अशीच एक खुंटी असते. तिला एच असे म्हणतात. ए व बी या खुणा म्हणजे त्या खुंटीला जोडलेले शर्करेचे निरनिराळे अंश होत. ओ गटाच्या माणसाच्या पेशीवर रिकामी खुंटी असते. बॉम्बे रक्तगटाच्या माणसाच्या पेशीवर मात्र खुंटीच नसते! मग ए आणि बी अडकणार कोठे? आणि आपल्या पेशींवर एच नसल्यामुळे त्या माणसाच्या रक्तद्रवात एचविरुद्धही प्रतिद्रव्ये असतात. साहजिकच ए, बी, एबी व ओ या चारही गटांचे रक्त त्याला परके ठरते. त्याला केवळ त्याच्याच गटाचे रक्त चालते.

यातील धोका ध्यानात घेण्यासारखा आहे. केवळ ए व बी या खुणा तपासल्या, तर असा माणूस ओ गटाचाच वाटतो. त्या समजुतीने त्याला ओ गटाचे रक्त दिले, तर जे रक्त प्राण वाचविण्यासाठी दिले, तेच प्राणावर उठते. म्हणून तपासनीस पेशींबरोबर रक्तद्रवही तपासतात आणि रुग्णाचा द्रव व दात्याच्या पेशी एकत्र करून रक्त जुळते की नाही, हे पडताळून पाहतात. संशय आल्यास एच ही खूण शोधणारी निराळी तपासणी करतात.

हा रक्तगट आनुवंशिक आहे. आई व वडील या दोघांचे रक्तगट नेहमीचे असूनही दोघांकडून हा छुपा गुण अपत्यात एकत्र येऊ शकतो. म्हणूनच अशी एखादी व्यक्ती आढळली, की प्रथम तिच्या सख्ख्या भावंडांचे रक्त तपासतात. भारतात सुमारे दहा हजारांत एक या प्रमाणात हा गट आढळतो. युरोपात तर तो याहूनही कितीतरी दुर्मिळ आहे.

समजा, धायरीतील एखाद्या रुग्णाला शस्त्रक्रियेसाठी हे रक्त हवे आहे. त्याच्या आळीत, त्याच्या शाळेत किंवा त्याच्या कार्यालयात त्या गटाचा दुसरा माणूस असेलच असे नाही. मग रक्तपेढीतील नोंदवह्या चाळल्या जातात, दूरध्वनी खणखणतात आणि दुसऱ्या गावचा, कदाचित दुसऱ्या प्रांताचा, ज्याचे तोंडही रुग्णाने कधी पाहिले नाही असा माणूस रक्त देण्यास निघतो. त्याची भाषा निराळी असेल, धर्म निराळा असेल. पण त्या घटकेस त्याच्याइतके जवळचे दुसरे कोणी नसते. ‘रक्ताचे नाते’ हा शब्द आपण कुटुंबापुरता वापरतो. त्याचा अर्थ किती विस्तृत होऊ शकतो, हे अशा प्रसंगी कळते.

दुर्मिळ गटाच्या रक्ताचे जे खरे, तेच इतर सर्व रक्ताचेही खरे आहे. विज्ञानाने अनेक औषधे कारखान्यात तयार केली. परंतु माणसाच्या रक्ताची जागा पूर्णपणे घेईल असा पदार्थ अद्याप कोणत्याही कारखान्यात निर्माण झालेला नाही. दान केलेले रक्त थंड जागी काळजीपूर्वक ठेवले, तरी साधारणपणे पाच-सहा आठवड्यांपलीकडे टिकत नाही. म्हणून रक्तपेढ्यांना नव्या रक्ताची गरज सतत भासते. अठरा वर्षे पूर्ण झालेली निरोगी व्यक्ती डॉक्टरांच्या तपासणीनंतर रक्तदान करू शकते. आज अकरा-बारा वर्षांची असलेली मुले उद्या त्या वयाची होतील. दान दिलेल्या रक्ताचा द्रवभाग शरीर एक-दोन दिवसांत भरून काढते आणि काही आठवड्यांत पेशींचीही उणीव भरून निघते. देणाऱ्याचे काही उणे होत नाही. घेणाऱ्याला मात्र आयुष्य लाभते.

मुंबईच्या डॉक्टरांनी एका नळीतील न जुळणारे रक्त पाहिले आणि ते दुर्लक्षिले नाही. त्यांच्या त्या दक्षतेमुळे ज्यांना आपल्या रक्ताचे वेगळेपण ठाऊकही नव्हते, अशा कितीतरी माणसांचे प्राण सुरक्षित झाले. नियमात जे बसत नाही, त्याच्याकडे पाठ न फिरविता त्याचे कारण शोधणे, हीच ज्ञानाची पहिली पायरी होय.

स्वाध्याय

१. तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी व रक्तपट्टिका यांची कामे प्रत्येकी दोन वाक्यांत लिहा.
२. ओ रक्तगट व बॉम्बे रक्तगट यांतील फरक खुंटीच्या उदाहरणाने स्पष्ट करा.
३. बॉम्बे रक्तगटाच्या माणसाला ओ गटाचे रक्त का चालत नाही?
४. ‘रक्ताचे नाते’ या शब्दाचा कोणता विस्तृत अर्थ या पाठात सांगितला आहे?
५. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा: प्राणावर बेतणे, पाठ फिरविणे, खर्ची पडणे.