कासेत दडलेले जंतू

कोल्हापूर जिल्ह्यात शेतीच्या जोडीला दुधाचा व्यवसाय घरोघरी चालतो. १९६३ साली स्थापन झालेल्या जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघामुळे या व्यवसायाला हक्काची बाजारपेठ लाभली. दुधाच्या बिलावर अनेक कुटुंबांचा घरखर्च चालतो. म्हशीला कासदाह जडला, की हा आधारच डळमळतो.

कास दगडासारखी घट्ट होते म्हणून शेतकरी या रोगाला ‘दगडी’ म्हणतात. इंजेक्शने दिल्यावर सूज ओसरते, दूध स्वच्छ येते. पण काही आठवड्यांनी त्याच सडातून पुन्हा गुठळ्या पडू लागतात. औषध बनावट असावे, असा समज होतो. पुष्कळदा दोष औषधाचा नसतो.

जंतू वाचतात कसे?

कासदाहाच्या प्रमुख जंतूंपैकी एक म्हणजे स्टॅफिलोकॉकस ऑरियस. त्याच्या बचावाचे तीन मार्ग आहेत. पहिला, दाहामुळे कासेत तंतुमय गाठी तयार होतात. त्यांत रक्तपुरवठा कमी असल्याने औषध पुरेशा प्रमाणात पोहोचत नाही. दुसरा, हे जंतू शरीराच्या पेशींत, अगदी त्यांना गिळणाऱ्या पांढऱ्या पेशींतही तग धरतात. पेनिसिलीनसारखी औषधे पेशींच्या आत फारशी शिरत नाहीत.

तिसरा मार्ग सुप्तावस्थेचा. जंतू वाढताना आपली पेशीभित्ती बांधत असतो. त्या बांधणीवरच पेनिसिलीन घाव घालते. ज्याने वाढच थांबवली, त्याच्यावर हा घाव बसत नाही. डब्लिनचे जीवाणुशास्त्रज्ञ जोसेफ बिगर यांनी १९४४ साली असे मोजके जंतू पेनिसिलीनमधूनही वाचतात, हे दाखवून दिले. त्यांची पुढील पिढी मात्र औषधाला पूर्वीप्रमाणेच बळी पडते. म्हणजेच ही आनुवंशिक प्रतिकारशक्ती नव्हे. म्हणूनच प्रयोगशाळेत गुणकारी ठरलेले औषध गोठ्यात अपुरे पडू शकते. मनुष्याच्या क्षयरोगावर अनेक महिने उपचार करावे लागतात, त्यामागेही जंतूंची अशी सुप्तावस्था हे एक कारण आहे.

परंतु अर्धवट उपचार वारंवार झाल्यास वाचलेल्या जंतूंतून खरोखरच औषधाला न जुमानणारे वाण निपजण्याचा धोका वाढतो.

कोणती काळजी घ्यावी?

गाठी धरण्यापूर्वी, रोगाच्या आरंभीच उपचार सुरू करणे सर्वांत हिताचे. दुधाची नियमित चाचणी केल्यास बाहेरून न दिसणारा कासदाहही ओळखता येतो. सूज उतरली तरी पशुवैद्यकाने ठरविलेला औषधाचा क्रम पूर्ण करावा. जनावर आटविताना पशुवैद्यकाच्या सल्ल्याने सडात दीर्घकाळ टिकणारे औषध सोडल्यास दडलेल्या जंतूंवर अधिक परिणाम होतो. बाधित जनावराची धार शेवटी काढावी, धारेनंतर सड जंतुनाशकात बुडवावेत आणि उपचाराच्या काळातील व त्यानंतर सांगितलेल्या मुदतीपर्यंतचे दूध संस्थेत घालू नये.

ग्रामपंचायती, दूध संस्था आणि शिक्षक यांनी ही माहिती गोठ्यापर्यंत पोहोचविल्यास अनेक दुभती जनावरे अकाली निकामी होण्यापासून वाचू शकतील.